शेवटचा रकाना : वाफेच्या ट्रॉलरचं जगणं आणि बुडणं

उत्तर इंग्लंडमधल्या हल आणि ग्रिम्सबी या बंदरांतल्या जुन्या मासेमारी बोटींच्या याद्या वाचायला अगदी कोरड्या असतात. बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, बांधणीचं साल, मालक आणि शेवटच्या रकान्यात दोन-तीन शब्द. भंगारात काढली. सुरुंग लागून बुडाली. आइसलंडच्या खडकावर चढली. आणि अधूनमधून नुसतंच : बेपत्ता. बोट कशी गेली ते या रकान्यात कळतं. का गेली हे कळायला मात्र बाकीचं सगळं माहीत असावं लागतं : ती चालायची कशी, जाळं ओढायची कशी आणि तिच्यावरच्या माणसांना पैसे कशाचे मिळायचे.

सुरुवात वाफेपासून करू. ट्रॉलिंग म्हणजे समुद्राच्या तळाशी पिशवीसारखं जाळं ओढत नेणं. हे काम शिडाच्या बोटी आधीपासून करत होत्याच. जाळ्याचं तोंड उघडं राहावं म्हणून त्याला एक लांबलचक लाकडी दांडा बांधत. अडचण वाऱ्याची होती. वारा पडला की जाळं तळाशी लोळत पडायचं, आणि पकडलेली मासळी बंदरात पोचेपर्यंत खराब व्हायची. १८७७ साली नॉर्थ शील्ड्समध्ये विल्यम पर्डी नावाच्या माणसाने आपल्या 'मेसेंजर' या जहाजं ओढणाऱ्या जुन्या वाफेच्या टगवरच जाळं चढवलं आणि तो समुद्रात गेला. लोक हसले, पण मासळी मिळाली. १८८१ मध्ये हलच्या गोदीत ग्रिम्सबीच्या एका कंपनीसाठी 'झोडिअॅक' बांधली गेली. खास ट्रॉलिंगसाठी बांधलेली वाफेची पहिली बोट म्हणून तिचं नाव घेतात. इंजिनावर पुरता विश्वास नसल्यामुळे तिला शिडंही ठेवली होती.

वाफेने बोट चालली हे खरं, पण माझ्या मते खरी उलथापालथ केली ती वाफेवर चालणाऱ्या विंचने, म्हणजे दोर गुंडाळून जाळं खेचणाऱ्या यंत्राने. बोटीला आता जड जाळं खोल पाण्यातून वर खेचता येऊ लागलं. मग जाळंही मोठं झालं. १८९४ मध्ये स्कॉटलंडच्या ग्रँटनमधल्या स्कॉट नावाच्या माणसाने लाकडी दांड्याऐवजी दोन जड फळ्या वापरण्याचं पेटंट घेतलं. जाळ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक लोखंड मढवलेली फळी. ती दोराला अशा कोनात बांधायची की पाण्यातून ओढताना बाहेरच्या बाजूला पळेल, जसा पतंग वाऱ्यावर एका बाजूला तिरपा पळतो. एक फळी डावीकडे, एक उजवीकडे, आणि मधलं तोंड आपोआप फाकलेलं. दांड्याच्या लांबीची मर्यादा गेली. काही वर्षांतच वाफेच्या बोटींवरून तो लाकडी दांडा दिसेनासा झाला. आज आपल्या ससून डॉकला किंवा मिरकरवाड्याला उभ्या असलेल्या ट्रॉलरच्या मागे ज्या दोन फळ्या टांगलेल्या दिसतात, त्या याच.

आता काम कसं चालायचं ते जरा जवळून बघू, कारण पुढचे बरेचसे मृत्यू इथूनच सुरू होतात. त्या काळच्या बोटी जाळं मागून नव्हे, बाजूने टाकत. बाजूला लोखंडी कमानी असत, त्यांच्यावरून जाळ्याचे पोलादी दोर जात. दोन-तीन तास ओढून झालं की बोट थांबवायची आणि जाळ्याची बाजू वाऱ्याकडे करायची. नाहीतर बोट वाहत जाऊन स्वतःच्याच जाळ्यावर चढते. म्हणजे ज्या बाजूने लाटा येतात, नेमक्या त्याच बाजूच्या बुटक्या कठड्याशी माणसं वाकून हाताने जाळं ओढत असायची. पिशवी वर आली की ती डेकवर लोंबकळत ठेवायची आणि मेट म्हणजे दुय्यम तांडेल तिच्याखाली शिरून तळाची गाठ सोडायचा. गाठ सुटली की टनावारी मासळी धबकन डेकवर. मग फळ्या लावून केलेल्या कप्प्यांत उभं राहून एकेक मासा चिरायचा, पोट साफ करायचं, धुवायचा आणि खाली बर्फात पाठवायचा. कॉड माशाची लिव्हरं वेगळ्या टोपलीत. ती बोटीवरच वाफेने उकळून त्यांचं तेल काढत. विसाव्या शतकाच्या मध्यावर नियम होता अठरा तास काम आणि सहा तास झोप, आणि ही सुधारणा समजली जायची. आधी मासळी लागत असेल तोवर झोपच नसे.

डेकवरच्या माणसाला निदान आभाळ दिसायचं. खाली बॉयलरसमोर कोळसा मारणारे आणि त्यांना कोळसा पुरवणारे असत. कोळशाची कोठारं बाजूंना. तिथून डुलत्या बोटीत, अंधारात, फावड्याने कोळसा भट्टीपर्यंत आणायचा. कोळसा दोन्ही बाजूंनी सारखा काढला नाही तर बोट एका अंगाला कलते, म्हणून हे दिसायला अडाणी काम नीट हिशेबाने करावं लागे. परतीच्या वाटेवर कोठारं रिकामी होत आलेली असत, म्हणजे तळाचं वजन कमी झालेलं असे. हा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

आणि पैसे? तांडेल (तिकडचा 'स्किपर') आणि मेट यांना पगार नसे. खर्च वजा जाता लिलावात जे उरेल त्यात वाटा. बाकीच्यांना थोडा पगार, वर विक्रीवर काही आणि लिव्हरच्या तेलाचे पैसे. आपल्याकडच्या कोळीवाड्यांत वाटा ही पद्धत नवी नाही. पण तिथे तांडेल बहुधा मालक नसे. एक-दोन फेऱ्या रिकाम्या गेल्या की कंपनी दुसऱ्याला बोट देई. फेरी तोट्यात गेली तर तांडेलाच्या हाती काहीच पडत नसे, उलट त्याच्या नावावर देणं लागे. खलाशांना फेरीपुरतं घ्यायचं आणि फेरी संपली की मोकळं करायचं. तीन आठवडे समुद्रावर, दोन-तीन दिवस घरी, की पुन्हा बोट. मासळी कुठे लागते हे दुसऱ्या कंपन्यांना कळू नये म्हणून तांडेल वायरलेसवर आपली जागा सांगायला नाखूश असत. वादळात कधी परत फिरायचं आणि मदत कधी मागायची हे जो ठरवणार, त्याची रोजीरोटी फिरण्यावर नाही, थांबण्यावर अवलंबून. समुद्राला दोष देण्याआधी हा हिशेब मांडून बघावा.

वाफेच्या पहिल्या पिढीत हलच्या बऱ्याच बोटी ताफ्याने काम करत. ताफ्याचा एक 'अॅडमिरल' असे. तो रॉकेटं उडवून कधी जाळं टाकायचं, कोणत्या दिशेला जायचं ते सांगे. मासळी खोक्यांत भरून छोट्या होडीत घालायची आणि भर समुद्रात वल्हवत एका वेगवान वाफेच्या जहाजापर्यंत न्यायची. ते जहाज ती लंडनच्या बाजारात पोचवायचं. ट्रॉलर पाच-सहा आठवडे तिथेच. ही होडी वल्हवण्यात किती माणसं गेली! मालकांना पद्धत सोडवेना, कारण मासळी ताजी पोचत होती.

याच ताफ्याच्या दिव्यांमुळे आणि रॉकेटांमुळे १९०४ मध्ये एक विचित्र घटना घडली. २१ ऑक्टोबरच्या रात्री उत्तर समुद्रात डॉगर बँक नावाच्या उथळ भागावर हलचा 'गेमकॉक' ताफा जाळी टाकून होता. जपानशी लढायला निघालेलं रशियाचं बाल्टिक आरमार तिथून जात होतं. मासेमारांना जपानी टॉर्पेडो बोटी समजून त्यांनी तोफा डागल्या. 'क्रेन' नावाचा ट्रॉलर बुडाला आणि त्यावरचे दोघे जागीच मेले. गोंधळात रशियन जहाजांनी आपल्याच 'अरोरा'वरही मारा केला. ब्रिटन आणि रशिया ही दोन साम्राज्यं युद्धाच्या काठावर आली. प्रकरण पॅरिसमधल्या आंतरराष्ट्रीय चौकशी आयोगापुढे गेलं आणि रशियाने ६६,००० पौंड भरपाई दिली. हलच्या हेसल रोडवर या घटनेच्या स्मरणातला मासेमाराचा पुतळा अजून उभा आहे.

दोन वर्षांनी, १९०६ मध्ये, हलजवळच्या बेव्हर्लीत 'व्हायोला' पाण्यात उतरली. तिथली नदी इतकी अरुंद की बोटी आडव्या ढकलत. मालक हेलियर कंपनी. शेक्सपिअरच्या पात्रांची नावं बोटींना द्यायची त्यांना हौस. 'व्हायोला'चा जन्मदाखला वाचला की ट्रॉलरचं आयुष्य किती वेडंवाकडं असू शकतं ते कळतं. १९१४ मध्ये नौदलाने तिला ताब्यात घेतलं, तोफ बसवली. १९१८ मध्ये दोन जर्मन पाणबुड्या बुडवण्यात तिचा हात होता. युद्ध संपल्यावर नॉर्वेला विकली गेली, 'दियास' झाली, देवमाशांच्या शिकारीवर लागली. १९२७ पासून दक्षिण जॉर्जिया बेटावरच्या ग्रितव्हिकेन इथे एका अर्जेंटिनी कंपनीकडे सीलच्या शिकारीला. १९६० च्या दशकात तिथेच बांधून ठेवली. आजही तिथे गंजत उभी आहे, मूळ वाफेच्या इंजिनासकट, आणि तिला हलला परत आणावं म्हणून तिथले लोक धडपडताहेत. शेवटचा रकाना अजून न भरलेली म्हणून ती मला आवडते.

मासेमारी बोटी नौदलाला हव्या होत्या त्या याच विंचसाठी, दोरांसाठी आणि तो दोर हाताळणाऱ्या हातांसाठी. समुद्रात पेरलेले सुरुंग काढायचे म्हणजे दोन बोटींमध्ये पोलादी दोर ओढत नेऊन सुरुंगांचे नांगरदोर कापायचे. ट्रॉलरवाल्यांना हे शिकवावं लागलं नाही. १९१० मध्येच राखीव नौदलात ट्रॉलरची शाखा उघडली होती. युद्धात हजाराहून जास्त ट्रॉलर लागले, आणि यादीतल्या 'सुरुंग लागून' या शब्दांचा मोठा भाग या चार वर्षांतला आहे. बोटी कमी पडल्या तेव्हा नौदलाने ठरावीक नमुन्यांवर शेकडो नव्या बांधायला घेतल्या. त्यांना नावं दिली ती १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईत लढलेल्या साध्या खलाशांची, जहाजांच्या हजेरीपटातून उचलून. सरकारी कारकुनाला सुचलेल्या कल्पनांमध्ये इतकी चांगली कल्पना क्वचितच असेल.

या युद्धाने एक गोष्ट आपोआप सिद्ध केली. चार वर्षं उत्तर समुद्रात मासेमारी जवळपास थांबली, आणि शांतता झाल्यावर जाळी भरून येऊ लागली. १८८३ मध्ये टी. एच. हक्सली या नामवंत शास्त्रज्ञाने समुद्रातली मासळी संपणारच नाही असं लंडनच्या प्रदर्शनात सांगितलं होतं. युद्धानंतरची भरती थोड्याच वर्षांत ओसरली. इंग्लंड-वेल्समध्ये १८८९ पासूनच्या ट्रॉलिंगच्या नोंदी आहेत. त्या तपासून २०१० मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की तेवढीच ताकद लावून मिळणारी मासळी तेव्हापासून ९४ टक्क्यांनी घटली. जवळची मासळी संपली म्हणून बोटी लांब गेल्या : १८९० च्या दशकात आइसलंड, मग बेअर आयलंड, बॅरेंट्स समुद्र. बाजारात त्याचं रूप म्हणजे फिश अँड चिप्सच्या दुकानातला स्वस्त कॉड. खलाशाला त्याची किंमत थंडीत मोजावी लागे.

आइसलंडच्या कड्यांखाली बोट लागली तर वाचणं जवळपास अशक्य. डिसेंबर १९४७ मध्ये इंग्लंडमधल्या फ्लीटवूडचा 'धून' हा ट्रॉलर लाउत्राब्यार्ग कड्याखाली आपटला. कडा चारशे मीटरपेक्षा उंच आहे. आसपासच्या शेतकऱ्यांनी दोरांनी उतरून, मधल्या एका कंगोऱ्यावर रात्र काढून, पंधरापैकी बारा जणांना वर ओढलं. पुढच्या वर्षी या बचावावर माहितीपट काढायला कॅमेरेवाले तिथे आले, आणि चित्रण चालू असतानाच जवळच्या फ्योर्डमध्ये ग्रिम्सबीचा 'सार्गन' खडकावर चढला. तीच गावकरी मंडळी पुन्हा धावली. या वेळी कॅमेरा खऱ्या बचावावर होता. सहा जण वाचले, बाकीचे बोटीवरच गेले.

खडक निदान दिसतो. बर्फ चोरपावलांनी येतो. हवा गोठणबिंदूच्या बरीच खाली आणि वारा जोरात असला की बोटीच्या नाकावर फुटणाऱ्या लाटेचा तुषार दोरांवर, डोलकाठीवर, कठड्यावर पडतो तिथेच गोठतो. बोट का उलटते हे समजायला एवढं पुरे : वजन खाली असेल तर कललेली बोट परत सरळ होते, वजन वर गेलं की परत यायची ताकद घटते. बर्फ नेमका वरच साचतो. इंधन संपत आल्यामुळे तळ हलका झालेला असतो. डेकवरचं पाणी बाहेर जायच्या झडपाही बर्फाने बंद होतात, म्हणजे आलेली लाट वरच राहते आणि बोट जिकडे कलेल तिकडे धावते. उपाय एकच, सगळ्यांनी कुऱ्हाडी घेऊन बर्फ फोडायचा. झोप न मिळालेल्या माणसांनी, हलणाऱ्या डेकवर, तासन् तास. हवामान त्याहून वेगाने बर्फ घालत असेल तर हिशेब जुळत नाही.

२६ जानेवारी १९५५ ला आइसलंडच्या उत्तरेला तो जुळला नाही. हलच्या 'लोरेला' आणि 'रोडेरिगो' (ही दुसरी पुन्हा हेलियर कंपनीची, पुन्हा शेक्सपिअर) या दोन्ही युद्धानंतर बांधलेल्या, चांगल्या दमदार वाफेच्या बोटी. 'किंग्स्टन गार्नेट' या तिसऱ्या बोटीच्या पंख्यात दोर अडकल्याचा संदेश आला म्हणून त्या तिच्याकडे निघाल्या. ती बोट पुढे स्वतःच सुटली. या दोघी मात्र वादळात सापडल्या. नाक वाऱ्याकडे धरून त्यांनी तीन दिवस टिकाव धरला. अखेर दुपारी 'लोरेला'ने कलत असल्याचं कळवलं, आणि संध्याकाळी 'रोडेरिगो'ने. प्रत्येकीवर वीस, एकूण चाळीस माणसं. एकही वाचला नाही. चौकशीत नमुन्याच्या बोटी बनवून त्यांच्यावर बर्फाचं वजन ठेवून प्रयोग केले गेले, आणि बोटीवरचा बर्फ हा बांधणीचाच प्रश्न आहे हे अधिकृतपणे मान्य झालं.

बांधणीचा प्रश्न मान्य झाला, हिशेबाचा नाही. ते १९६८ मध्ये दिसलं. जानेवारी-फेब्रुवारीच्या चार आठवड्यांत हलच्या तीन बोटी गेल्या : 'सेंट रोमॅनस', 'किंग्स्टन पेरिडॉट', 'रॉस क्लीव्हलंड'. तिन्ही १९४८ ते १९५० दरम्यान बांधलेल्या, बाजूने जाळं ओढणाऱ्या. अठ्ठावन्न माणसं गेली, एक वाचला : 'रॉस क्लीव्हलंड'चा मेट हॅरी एडम. 'सेंट रोमॅनस'वर वायरलेस चालवणारा माणूसच नव्हता. ती १० जानेवारीला निघाली, लवकरच गप्प झाली, आणि शोध सुरू झाला २६ जानेवारीला. तांडेल गप्प राहणं नेहमीचंच, म्हणून किनाऱ्यावर कुणाला शंका आली नाही. वाटा, चोरून ठेवलेली मासळीची जागा, कमी केलेला एक पगार, सगळं त्या दोन आठवड्यांत एकत्र आलं.

हलमधल्या बायका गप्प बसल्या नाहीत. तिथे समजूत अशी की बोट निघताना बाईने धक्क्यावर यायचं नाही, निघायच्या दिवशी कपडे धुवायचे नाहीत. मासळी कारखान्यात काम करणाऱ्या लिलियन बिलोका डोक्याला स्कार्फ बांधून धक्क्यावर गेल्या, वायरलेसवाल्याशिवाय निघणाऱ्या बोटीवर उडी मारायला बघितलं, पोलिसांनी धरलं. दहा हजार सह्या जमवल्या, मेरी डेनेस, इव्हॉन ब्लेन्किन्सॉप, क्रिस्टीन जेन्सन यांच्यासह लंडनला मंत्र्यांना भेटल्या. प्रत्येक बोटीवर वायरलेसवाला, हिवाळ्यात सोबत मदतीचं जहाज, हवामानाची नीट व्यवस्था, अशा ८८ उपायांना सरकारने मान्यता दिली. बिलोकांना धमकीची पत्रं आली, नोकरी गेली. १९८८ मध्ये त्या वारल्या तेव्हा बहुतेकांना त्यांचा विसर पडला होता. हल शहराने समुद्रात सुमारे सहा हजार माणसं गमावली असं तिथे सांगतात.

वाफेचं काय झालं ते फार गुंतागुंतीचं नाही. डिझेलला कोळसा मारणारी माणसं लागत नाहीत आणि कोठारांची जागा मासळीला मिळते. १९५४ मध्ये 'फेअरट्राय' आली, जाळं मागून ओढणारी आणि मासळी बोटीवरच गोठवणारी. मागून ओढलं की माणसाला लाटेच्या बाजूच्या कठड्याशी वाकायची गरज नाही. मग भंगाराची रांग लागली. आइसलंडने आपली मासेमारीची हद्द वाढवत १९७५ मध्ये २०० सागरी मैलांपर्यंत नेली, त्याच वर्षी हलचा सेंट अँड्र्यूज डॉक बंद झाला.

आपल्या किनाऱ्यावर वाफेचा ट्रॉलर रुजला नाही, पण येऊन गेला. बंगाल सरकारने १९०८ मध्ये 'गोल्डन क्राउन' चालवून पाहिला. मुंबई सरकारने १९२१-२२ मध्ये 'विल्यम कॅरिक' नावाचा ट्रॉलर मुंबईजवळ आणि काठियावाडच्या बाजूला फिरवला. नावावरून ट्रफाल्गरच्या हजेरीपटातल्या पिढीचाच असावा असं वाटतं. मासळी मिळाली, पण ती ठेवायला शीतगृहं नाहीत आणि कोळशाचा खर्च जास्त, म्हणून प्रयोग बंद पडला. दुसऱ्या महायुद्धात मात्र रॉयल इंडियन नेव्हीसाठी सुरुंग काढणारे ट्रॉलर भारतीय गोद्यांत बांधले गेले, आणि त्यांतल्या दोघांची नावं 'नाशिक' आणि 'पूना' होती. यंत्राची मासेमारी आपल्याकडे पसरली ती १९५० नंतर, छोट्या डिझेल बोटींतून.